माज्या पायातलं घड्याळाचं स्टील

आख्ख्या पनवेलीत मानसाचं तोंड सोडून मनगट वळखनारा एकच मानूस झाला, नि तो म्हंजे माजं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आमचे घड्याळवाले भाऊ. रस्त्यात कोन भेटलं, "काय भाऊ, बरं हाय ना?" बोललं, की भाऊ पयले खाली बघनार. त्याच्या हाताकडं. मंग हसनार नि बोलनार, "हां हां, तुम्ही होय! पट्टा बदललात वाटतं." समोरच्याला वाटायचं, म्हातारा फिरला. एकदा लग्नात कोन मोठा सायब भेटला. त्या दिवशी त्याचं घड्याळ घरी राह्यलं होतं, तर भाऊंनी त्याला वाढपी समजून मठ्ठा मागितला. सायब बिचारा चांगला, त्यानं आनून दिला. भाऊंनी मठ्ठा पिऊन झाल्यावर मला विचारलं, "बाय, हा मुलगा नवीन आहे का? ओळखीचा वाटला नाही." मी बोलले, "भाऊ, त्याच्या गाडीला लाल दिवा हाय." तर बोलतात, "असेल. पण हातात काही नव्हतं."

भाऊ आमच्या इकडचे इस्रायली. त्यांचे लोक कवाच्या काळापासून कोकनात, बोलनं तुमचं-आमचंच मराठी, सनाला मलिदा, शनवारी काम बंद. पयले पनवेलीत त्यांची लय घरं होती. मंग एकेक करून तिकडं त्यांच्या देशाला गेली. भाऊंची बायको वारली, एकच लेक, ती लगीन करून तिकडं गेली, नि भाऊ हितंच राह्यले. जन्मभर नोकरी केली मुंबईत एका कारखान्यात. तिथं मोठ्या मोठ्या लोकांची महागडी घड्याळं दुरुस्तीला यायची. पन आतल्या मशीनशी भाऊंचा काय संबंध नव्हता. घड्याळाचा वरचा जो डबा असतो, त्याला ते केस बोलतात, त्याच्यावरचे चरे काढायचे, घासायचं, पॉलिश करायचं, हे त्यांचं काम. त्यांला टाइम विचारला तर बोलायचे, "ते आतल्या माणसाचं खातं. मी बाहेरचा."

मी मासळी विकते. पयले माज्या सासूच्या बाजूला बसायचे, मंग सासू गेली, तिची जागा माजी झाली. नवरा तरुनपनी समुद्रावरच गेला, होडी आली, तो नाय आला. पोर लहान होतं. तवा पाटी डोक्यावर घेऊन उतरायची नि बाजारात येऊन बसायची, दुसरं काय करनार. रडायला येळ नव्हता आनि बर्फ वितळत होता. ते जाऊ दे. सांगायचं होतं भाऊंचं.

भाऊंच्या धर्मात खवले नसलेला मासा चालत नाय. कोलंबी नाय, चिंबोरी नाय, मोरी नाय. त्यांचे बाकीचे लोक नुसतं बघून घ्यायचे. पन भाऊंकडं ते घड्याळवाल्यांचं भिंग, डोळ्यात अडकवायचं. ते खिशातून काढून डोळ्यात घालनार, मासा उचलून उजेडाला धरनार, नि उलटा सुलटा करत बसनार. मागं गिऱ्हाईक थांबलेलं. सुरमईवरून तर आमचं दर टायमाला भांडन. मी बोलायचे, "भाऊ, तिला खवले नायत, कशाला शोधता, रावस घ्या." ते बोलायचे, "आहेत बाय, बारीक आहेत, पुस्तकात लिहिलंय." एकदा अर्धा तास घालवला, नि एकदम ओरडले, "सापडला! सापडला!" आख्खा बाजार बघायला लागला. सगळ्यांला वाटलं अंगठीतला खडा सापडला. मी बघितलं तर बोटाच्या टोकावर बारीकसा खवला. मी बोलले, "भाऊ, तो माज्या हाताचा. मी आता बांगडा साफ केला." ते रावस घेऊन गेले. पन दुसऱ्या आठवड्याला परत सुरमई उचलली.

मी मासा कापत असताना ते मला स्टीलच्या जाती शिकवायचे. मला काय करायच्या होत्या? पन बोलनारा मानूस बोलतो, हात आपले चालू असतात. तीनशे चार नंबरचं स्टील म्हंजे घरातल्या भांड्यांचं. गोड्या पान्यात चांगलं, खाऱ्या पान्यात टिकत नाय, त्याला बारीक बारीक टोचे पडतात, सुईनं टोचल्यासारखे. तीनशे सोळा एल म्हंजे चांगल्या घड्याळाचं. त्यात एक धातू वरतून थोडासा घातलेला असतो. त्याचं नाव माज्या जिभेवर बसत नाय, पन कालवनात कोकम असतं ना, तसा तो. थोडाच, पन नसला तर कळतं. मंग ते खाऱ्या पान्याला नि घामाला भीत नाय. आनि नऊशे चार एल. हे बोलताना भाऊंचा आवाज खाली यायचा, देवळात गेल्यासारखा. ते घासायला हट्टी, हत्यारं खाऊन टाकतं, पन एकदा का पॉलिश घेतलं की असं पांढरं चमकतं की बघत राहावं. "जन्मात मोजकीच हाताला लागली, बाय," असं बोलायचे.

मी बोलले, "म्हंजे तीनशे चार बांगडा, तीनशे सोळा रावस, नि तुमचा नऊशे चार सरगा पापलेट." भाऊंनी भिंग काढलं. माज्याकडं बघितलं. माज्या तोंडाकडं, बरं का, मनगटाकडं नाय. बोलले, "बाय, हे आमच्या मालकाला सुचलं नसतं." तवापासून त्यांचीबी तीच भाषा. सुकापूरला माज्या पुतनीचं लगीन होतं. जेवायच्या पंगतीत भाऊ नवऱ्यामुलाच्या हातातलं नवीन घड्याळ बघून माज्या कानाशी येऊन बोलले, "बाय, तुम्हाला वाईट वाटेल, पण नवऱ्यामुलाला सासऱ्याने बांगडा दिलाय." शेजारच्या बाईनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी आख्ख्या सुकापुरात बोलनं, की पोरीच्या बापानं जावयाला मासे दिले.

असं सगळं चाललं होतं. मंग मी पडले.

बाजारात सकाळचं बर्फाचं पानी वाहतं. त्याच्यावरून मी जन्मभर चालले, कदी सरकले नाय, नि त्या दिवशी सरकले. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात डाक्टर बोलले, आतमदी सळी घालायला लागेल, स्टीलची. माज्या पोरानं सही केली. मी विचारलं, "मी परत चालनार का?" डाक्टर चांगले होते, खोटं नाय बोलले. बोलले, "आजी, हाड मी जोडून देतो. चालणं तुमच्या हातात." मी मनात बोलले, हातात असतं तर काय पायजे होतं.

ऑपरेशन झालं, नि दुसऱ्या दिवशी भाऊ आले. आदी माजी तब्येत विचारतील का? नाय. डाक्टर राउंडला आले होते, त्यांला धरलं. "डॉक्टर, कोणतं स्टील घातलंत?"

"मेडिकल ग्रेड आहे, काका."

"ग्रेड कळलं. नंबर?"

डाक्टर हसले. "तीनशे सोळा एल."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाकिटावर लिहिलेलं असतं ना."

"पाकिटावर काय, मीसुद्धा लिहीन," भाऊ बोलले. "घासून पाहायला हवं होतं."

"काका, पुढच्या वेळी तुम्हाला आत बोलावतो," असं बोलून डाक्टर गेले. भाऊंला ती थट्टा वाटली नाय. मला बोलले, "सज्जन माणूस आहे. बोलावतो म्हणाला."

दुसऱ्या दिवशी भाऊ दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक घेऊन आले. चांगलं स्टील चुंबकाला चिकटत नाय, हलकं असलं तर चिकटतं, येवडीच परीक्षा. माज्या पायावर चादर. भाऊ डोळे मिटून, दोरा दोन बोटांत धरून, चुंबक मांडीवरून हळूहळू फिरवायला लागले. वरून खाली, खालून वर. मंग गोल. तोंडानं आपलं पुटपुटनं चालू, "नाही... नाही... ओढत नाही..." तो बायकांचा वार्ड. सगळ्या उठून बसल्या. माज्या बाजूला तळोज्याची एक म्हातारी होती, तिनं हात जोडले. तिच्या सुनेनं मला विचारलं, "हे भगत कुटले?"

मला हसायला येत होतं नि हसलं की टाके दुखत होते. मी नुसती मान हलवली. झालं. ती सून भाऊंच्या पाया पडली. "बाबा, आमच्या सासूवरून पन फिरवा. कोनाची तरी नजर हाय." भाऊ बोलले, "यांच्यात काय घातलंय?" सून बोलली, "तेच तर कळत नाय बाबा." भाऊंला वाटलं बाई स्टीलबद्दल बोलते. ते मनापासून गेले. म्हातारीच्या कंबरेवरून फिरवलं, नि चुंबक खाटेच्या लोखंडाकडं गेलं, ठक करून चिकटलं. वार्डभर "अगं बाई!" भाऊ वर बघून बोलले, "हे खराब आहे. हे गंजणार." सून रडायला लागली. मंग मला बोलायलाच लागलं, "अगं पोरी, ते खाटेचं बोलतात!" पन कोन ऐकतंय. त्या दिवशी भाऊंनी आख्खा वार्ड फिरून काढला. नर्स आली तवा तिनंबी आदी बघितलं, नि मंग ओरडली. जाताना भाऊ मला बोलले, "बाय, लोकांना स्टीलची इतकी काळजी आहे, मला माहीत नव्हतं."

पुढं पोरानं मला करंजाड्याला त्याच्या फ्लॅटवर नेलं. चौथा माळा. लिफ्ट हाय, खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, सून गरम जेवन देते, कशाची कमी नव्हती. पोर बोलला, "आई, आता बस झालं. बाजार सोड." त्याचं चुकत नव्हतं. पन बाजारातल्या जागेचं असं असतं, की तिथं रोज कोन बसलं तर ती जागा तुमची. नाय बसलं तर नाय. माजी मैत्रीन धुरपी, ती रोज सकाळी माज्या जागेवर टोपली उपडी ठेवायची, म्हंजे बाकीच्यांला कळतं की ही बाई येनार हाय. पन उपड्या टोपलीला किती दिवस मान देनार? धुरपीचा फोन यायचा, "अगं, मागच्या कोपऱ्यातली बाय तिच्या नव्या सुनेला बसवायला बघते. रोज पाटी एक वीत पुढं सरकवते. तू येनार ना?" मी "येते" बोलायचे. नि फोन ठेवून पायाकडं बघायचे. तो पाय माजा वाटतच नव्हता. कुनी आनून ठेवल्यासारखा पडलेला. त्या जागेवर मी पोर वाढवलं होतं. ती गेली असती तर मी चौथ्या माळ्यावर बसून कर्नाळा बघितला असता, मरेपरेंत. दुसरं काय.

भाऊ रोज सकाळी पनवेलीतून रिक्षानं यायचे, मला चालवायला. दवाखान्यानं तो चार पायांचा वाकर दिलेला. तो बघून भाऊंचं तोंड वाकडं. "अ‍ॅल्युमिनियम!" बोलले. "बाय, याच्यावर भार टाकू नका. हा धातू नाही, हा पापड आहे." म्हंजे मानूस पाय मोडलेल्या बाईला धीर द्यायला येतो, नि तिचा आधारच काढून घेतो. पन त्याचा असा परिनाम झाला, की मी त्या वाकरवर भार टाकायला घाबरायला लागले, नि तो भार पायावर यायला लागला.

चालता चालता शिकवनं चालू. "बाय, स्टीलला एक कातडी असते. डोळ्याला दिसत नाही. चरा पडला, की हवेतच ती परत आपोआप धरते. म्हणून ते गंजत नाही. पण झाकून ठेवलं, घामट पट्ट्याखाली, हवा नाही, की तिथे सडायला लागतं. म्हणून चाला. बसून राहू नका."

मी थांबले. बोलले, "भाऊ, ती सळी माज्या मांसाच्या आत हाय. तिला कुटली हवा?"

भाऊ चहा अर्धा टाकून तसेच गेले. सून बोलली, "आई, तुमी त्यांला कशाला दुखवता?" दुसरा दिवस शनवार. शनवारी ते रिक्षात बसत नाय, चालत यायचे, नि कामाचं बोलत नाय, आनि स्टील म्हंजे काम, म्हनून त्या दिवशी ते नुसते बाजूनं चालायचे, मुके. ऐतवारी दारातूनच बोलले, चपलाबी काढल्या नाय, "रक्तात असते! बाय, रक्तात असते हवा! मी डॉक्टरांना जाऊन विचारून आलो." डाक्टरांचा काय जीव खाल्ला असेल ते त्यांलाच माहीत.

मंग एक दिवस असा आला की मला उठवेना. पाऊल टाकलं की मांडीत कळ जायची ती डोक्यात. मी खाली बसले. बोलले, "भाऊ, पुरे. धुरपीला निरोप देते, टोपली उचल. बसू दे त्या पोरीला. तिलाबी पोट हाय."

भाऊ समोरच्या खुर्चीवर बसले. मंग बोलले, "बाय, चरा काढायचा म्हणजे काय करायचं माहितीये? चऱ्याच्या बाजूचं चांगलं स्टील घासून चऱ्याइतकं खाली आणायचं. चरा जात नाही, बाकीचं सगळं झिजवायचं. लोक दर वर्षी पॉलिशला यायचे. घड्याळ पातळ व्हायचं, कडा मरायच्या. शेवटी साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. मी सांगायचो, राहू द्या हो चरे. कोणी ऐकायचं नाही. मीच हाताने मारल्यात किती घड्याळांच्या कडा." मंग माज्या तोंडाकडं बघून बोलले, "तुमच्या कडा अजून जाग्यावर आहेत."

मी बोलले, "मला कडा काय करायच्या? मला पाय पायजे."

"तो पण आहे," बोलले. "आत रावस घातलाय."

मला हसायला आलं. नि हसले तरी टाके दुखले नाय, हे मला नंतर ध्यानात आलं. मी धुरपीला निरोप दिला नाय. दुसऱ्या दिवशी वाकर सोडून भिंतीला धरून दारापरेंत गेले. मंग लिफ्टपरेंत. मंग खालच्या गेटपरेंत, तिथं वाचमन उठून उभा राह्यला. तवा पोराला कळलं, ही परत बाजारात जानार. तो माज्या पाटीला नवी चुंबळ घेऊन आला.

मी परत बाजारात गेले त्या सकाळी पोरानं रिक्षातून उतरवलं. लांबून बघते, तर माज्या जागेवर टोपली तशीच, नि टोपलीच्या बाजूला भाऊ उकिडवे बसलेले. समोर ती नवी सून. तिचा कोयता भाऊंच्या हातात. "हे कार्बनवालं लोखंड आहे पोरी. धार चांगली लागते, पण गंजतं. आता याच्यात क्रोम घातलं असतं, तर..." ती पोरगी जांभया देत होती. धुरपी मला बोलली, "उजाडल्यापासून चालू हाय. त्या पोरीनं दोनदा पाटी पुढं सरकवली, यांनी दोनदा पुढं सरकून पयल्यापासून सुरू केलं." मला बघून ती पोर चटकन उठली, कोयता घेतला, नि बोलली, "आजी, तुमीच बसा गो हितं. हे बाबा रोज येनार असतील तर मला नको." नि पाटी उचलून मागं गेली.

मी बसले. पाय दुमडत नव्हता, तो तसाच लांब ठेवून बसले. आजून तसाच बसते.

त्याच्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊंची लेक आली नि त्यांला घेऊन गेली. ती मला बोलली, "मावशी, तिकीट कधीचंच काढलं होतं. बाबा म्हणायचे, थांब, एक काम हातात आहे, ते अर्धं टाकून येत नाही." मला ते कदी बोलले नव्हते. मी त्यांला बांधून द्यायला मोठा रावस काढला होता. लेक बोलली, विमानात कसा न्यायचा. मंग तो आमीच खाल्ला.

आता भाऊंचा फोन येतो. तिकडचा टाइम त्यांला माहीत नसतो नि हितलाबी नसतो, त्यामुळं भर बाजारात येतो. मागच्या टायमाला मी सांगितलं, "भाऊ, डाक्टरांनी फोटो काढला. हाड जुळलं. बोलले, सळीचं काम झालं, पायजे तर काढून टाकू."

भाऊ येवडे ओरडले की धुरपीला ऐकू गेलं. "काढा! बाय, काढा आणि मला पाठवा! मी घासून बघतो. पाकिटावरचं काही खरं नसतं."

"नाय काढनार," मी बोलले. "मी तिच्यावर चालते."

"मग मला कळणार कसं?"

"मी गेल्यावर कळेल. आमच्यात जाळतात. सळी राखेत राहील. पोराला सांगून ठेवते, अस्थी खाडीत सोड, सळी भाऊंना पाठव."

भाऊ हळू बोलले, "बाय, मी तुमच्यापेक्षा मोठा आहे. तोवर मी कुठे असणार?"

"आसाल," मी बोलले. "घाई कसली हाय."

समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी फोन ठेवला नि मासा कापायला घेतला.